वाकडा दस्ता

आवाज तसा मोठा झाला नाही. पायाखाली सुकी काटकी मोडावी एवढाच. पण अठरा वर्षं बंदुकीच्या धडाक्यात काढलेल्या माणसाला तो कानात नाही, पोटात ऐकू आला. धावपट्टीच्या कडेच्या गवतातून एक टिटवी ओरडत उठली होती. ओरडली उजवीकडे, म्हणून काखेत बंदूक धरूनच तो गर्रकन उजवीकडे वळला, आणि तिथे लोखंडी खांब होता. पिवळा, आकड्यांची पाटी लावलेला, रोजचाच खांब. याच खांबाला टेकून त्याने किती थर्मास रिकामे केले असतील त्याची गणती नाही. नळ्या खांबावर आदळल्या, लाकडी दस्ता काखेत अडकलेला, आणि चापाच्या मागे, जिथे मूठ धरतात आणि लाकूड सगळ्यात बारीक असतं, तिथे ते पिळवटून तिरकं तडकलं. नशीब, काडतुसं भरलेली नव्हती. टिटवी केव्हाच निघून गेली. तो खांबाकडे बघत राहिला, मान पूर्ण वळवून, कारण मान पूर्ण वळवल्याशिवाय आता त्याला तो खांब दिसत नव्हता. खांब आपल्या जागेवर होता. खांबाची काही चूक नव्हती.

विमानतळावर त्याचं काम एकच. धावपट्टीवर पक्षी येऊ द्यायचे नाहीत. जीप घेऊन कडेकडेने फिरायचं, आवाजाची काडतुसं उडवायची, फारच अंगावर आले तर खरी. सगळे त्याला बुजगावणं म्हणत. मनोऱ्यावर बसणारा माणूससुद्धा वायरलेसवर तसंच हाक मारायचा, आणि त्याला त्याचं कधी वाईट वाटलं नाही, उलट जरा मजाच वाटायची. पगारी, पेन्शनीची बुजगावणी किती असतात जगात? त्याची नजर म्हणजे तिथे बोलण्याचा विषय होता. इतरांना दुर्बीण लावून ठिपका दिसायचा तेव्हा तो नुसत्या डोळ्यांनी पारवा की साळुंकी ते सांगायचा. शाळेत त्याला काही जमलं नव्हतं, धंद्यात जमलं नव्हतं, नजर तेवढी देवाने छप्पर फाडून दिली होती. आणि आता तो साहेबांच्या टेबलावर दोन तुकडे ठेवून सांगत होता, बंदूक जीपच्या दारात सापडली. साहेबांनी मान वर केली नाही. दस्ता बदलून आणा म्हणाले, माप घेऊन नीट बसवून आणा, आणि मापाचा कागद मिस्त्रीची सही घेऊन जोडा. कागद त्यांनी पुढे सरकवला. त्यात खांद्यापासून चापापर्यंतची लांबी, गालाची उंची वगैरे रकाने होते, आणि सगळ्यात खाली एक रकाना होता, नेम धरण्याचा डोळा. त्याने कागदाची घडी केली, आणखी एक घडी केली, आणि तो खिशात घातला. साहेबांनी तेही पाहिलं नाही. साहेब चांगले होते.

दुपारी तो मिस्त्रीकडे निघाला. रस्त्यात तो उजवीकडची भिंत धरून चालत होता. भिंत उजवीकडे असली की त्या बाजूने कोणी येत नाही. ही युक्ती त्याला कोणी शिकवली नव्हती, आपोआप जमली होती, जशा बाकीच्या सगळ्या जमल्या होत्या. जीप उभी करायची ती उजवीकडे कुंपण येईल अशी. जेवायला बसायचं ते कोपऱ्यात. कोणी हाक मारली तर आधी अंग वळवायचं आणि मग हसायचं, म्हणजे हसण्यात वळणं झाकून जातं. डॉक्टरांनी साध्या शब्दांत सांगितलं होतं. काचबिंदू. उजव्या डोळ्याची नस सुकली आहे, ती काही परत हिरवी होणार नाही. डावा सांभाळायचा, थेंब चुकवायचे नाहीत, एवढंच आता आपल्या हातात आहे. आपल्या हातात म्हणजे कोणाच्या, हे विचारायचं राहून गेलं. थेंबांची बाटली जीपच्या पान्यांच्या डब्यात असायची, एका हातमोज्यात गुंडाळलेली. दिवसातून तीनदा तो गवतात जीप थांबवून, सीटवर मान मागे टाकून थेंब घालायचा आणि मग मिटल्या डोळ्यांनी मिनिटभर बसून राहायचा. त्या मिनिटात वर आकाशात काय चाललंय कोणाला माहीत. ते एक मिनिट त्याला सगळ्या दिवसापेक्षा मोठं वाटायचं.

मिटल्या डोळ्यांपुढे हटकून आई यायची. तो नऊ वर्षांचा होईतो आईचे दोन्ही डोळे गेले होते. घरात तिची एक जागा ठरलेली होती, कपाट आणि खिडकी यांच्यामधली खुर्ची. ताट तिच्यासमोर ठेवलं की कोणीतरी ते बोटभर तिच्या हाताकडे सरकवायचं, न बोलता, आणि ती पण न बोलता जेवायची. तो शाळेतून यायचा, पायांतले बूट दाराबाहेर काढायचा आणि चवड्यांवर आत येऊन भिंतीशी उभा राहायचा. श्वास रोखून. आई मान वर करायची. "कोण आहे?" तो बोलायचा नाही. "कोण आहे रे तिथं?" तिच्या तोंडावर जे यायचं ते बघायला त्याला आवडायचं. हे आज कबूल करायला हरकत नाही, आवडायचं. ती पुन्हा एकदा विचारायची, जरा हळू आवाजात, मग हात मांडीवर ठेवून गप्प व्हायची, आणि तो तसाच चवड्यांवर बाहेर जाऊन बूट वाजवत परत यायचा. आता भर दुपारी, वाहनांच्या गोंगाटात, बंदुकीची पिशवी पाठीला लावून भिंतीकडेने चालताना त्याच्या मनात आलं की आपल्याला आंधळेपणाची भीती वाटत नाहीच. आपल्याला त्या खुर्चीची भीती वाटते, आणि भिंतीशी उभ्या असलेल्या त्या पोराची.

मिस्त्रीचं दुकान एका उतरत्या गल्लीत, तीन पायऱ्या खाली होतं. आत जवसाच्या तेलाचा आणि कापलेल्या अक्रोडाच्या लाकडाचा वास. मिस्त्री सत्तरीचा, चष्म्याला दोरी बांधलेला, बोलताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे न बघता खांद्यांकडे बघायचा. शिंपी बघतो तसा. त्याने आधी बंदूक उघडली, दोन्ही नळ्यांत करंगळी घालून त्या रिकाम्या असल्याची खात्री केली, यालाही दाखवलं. मग नळ्यांवरून अंगठा फिरवत एका ठिकाणी थांबला. कशात सापडली म्हणालात, असं त्याने विचारलं. जीपच्या दारात. जीप पिवळी आहे का? पांढरी, असं हा म्हणून गेला, आणि मग मिस्त्रीच्या अंगठ्याखालचा पिवळ्या रंगाचा ओरखडा त्याला दिसला. मिस्त्रीने तुटलेला दस्ता उचलून खिडकीच्या उजेडात धरला.

आता याने जी चूक केली होती ती बंदूक बाळगणाराच करू शकतो, घडवणारा नाही. दुकानात शिरल्या शिरल्या तो म्हणाला होता, जसाच्या तसा करून द्या, तंतोतंत, नमुना आणलाच आहे. त्याला वाटलं होतं की असं म्हटलं म्हणजे माप घ्यायचा प्रश्नच येणार नाही. पण लाकूड काही विसरत नाही. अठरा वर्षं एकाच जागी गाल टेकून टेकून दस्त्याच्या डाव्या अंगाला तळहाताएवढी गुळगुळीत, काळसर चकाकी आलेली होती. आणि तिच्या वर, दस्त्याच्या पाठीवर, जिथे कोणाचा गाल जायचं कारण नाही, तिथे दुसरी चकाकी होती. लहान, फिकी, नवी. मिस्त्रीने तिच्यावर बोट ठेवलं.

"गाल वर चढलाय तुमचा. वर्ष झालं असेल?"

मान आखडते हल्ली, असं तो म्हणाला. मिस्त्रीने हुं केलं. मिस्त्रीने तुटक्या दस्त्याच्या जागी मापाचा एक दस्ता बसवला, सगळीकडून मागेपुढे सरकणारा, स्क्रू लावलेला, आणि बंदूक पुन्हा एकदा उघडून रिकामी दाखवून त्याच्या हातात दिली. स्वतः तीन पावलं मागे जाऊन भिंतीला पाठ लावून उभा राहिला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, "माझ्या या डोळ्यावर नेम धरा. बिनधास्त. माप असंच घेतात. नळीच्या टोकाकडून मला तुमचं बुबुळ दिसलं पाहिजे, नेमकं दोन नळ्यांच्या मधोमध."

त्याने बंदूक उचलली. खांद्याला टेकवली. गाल लाकडाला लावला, खाली, जुन्या जागी, आणि उजवा डोळा उघडा ठेवून डावा मिटला. मिस्त्री नाहीसा झाला. भिंत नाहीशी झाली. राखाडी, उकळत्या पाण्याच्या वाफेसारखं काहीतरी, आणि अगदी कडेला खिडकीची चतकोर चमक, बस्स. त्या राखाडीत नेम धरून तो उभा राहिला. हात अजिबात हलले नाहीत, हातांना सवय होती. त्या दिवशीही हे असंच होतं. सात आठवडे झाले. सकाळची वेळ, एक विमान धावपट्टीच्या टोकाशी उभं, आणि मनोऱ्यावरून वायरलेसवर आवाज, बुजगावण्या, तुझ्या उजव्या हाताला गवतात काही हललं का रे? त्याने बघितलं. मान वळवून बघायला हवं होतं, पण वायरलेसवरचा माणूस दुर्बिणीतून आपल्याकडेच बघत असेल, मान इतकी का वळवतो असं त्याला वाटेल, म्हणून त्याने नुसता डोळा फिरवला. आणि डोळ्याला काही दिसलं नाही, कारण त्या डोळ्याला काही दिसतच नव्हतं. "साफ आहे," तो म्हणाला. विमान सुटलं. पारव्यांचा थवा उजवीकडच्या गवतातून उठला, चाळीसेक असतील, आणि विमानाच्या पंखाखालून दणका ऐकू आला. मग अकरा मिनिटं ते विमान शहरावरून एका बाजूला कलत फिरत होतं. अकरा मिनिटं तो जीपशेजारी उभा होता, आणि त्याने कोणाकडेच काही मागितलं नाही, फक्त मनात तेच तेच म्हणत राहिला, उतर बाबा, उतर बाबा, लहान पोराला झाडावरून उतरवावं तसं. उतरलं. एकशे चाळीस माणसं जिन्याने खाली आली. एका बाईच्या एकाच पायात बूट होता आणि तिला ते माहीत नव्हतं. चौकशीला तीन माणसं आली. पक्षी अचानक आले, असं याने सांगितलं, आणि त्यांनी तेच लिहून घेतलं. त्यांनी त्याच्या पाठीवर थापसुद्धा मारली.

"डावा उघडा," मिस्त्री भिंतीकडून म्हणाला. आवाज शांत होता. "मिटून धरलाय तो उघडा. आणि आता बघा माझ्याकडे."

त्याने डावा डोळा उघडला. तत्क्षणी, त्याला न विचारता, त्याचं डोकं लाकडावरून वर सरकलं, उजवीकडे कललं, गाल दस्त्याच्या पाठीवर गेला आणि नळ्यांच्या मधोमध मिस्त्रीचा डोळा आला. पाणावलेला, तपकिरी, पापणीला लाकडाचा भुसा लागलेला. ते दोघं एकमेकांकडे बघत राहिले. एवढ्या जवळून, एवढ्या सरळ, कोणी आपल्याकडे गेल्या वर्षभरात बघितलंच नव्हतं, असं त्याला वाटलं, आणि त्याला रडू फुटेल की काय अशी भीती वाटली.

मिस्त्रीने बंदूक त्याच्या हातातून घेतली. स्टूल पुढे ओढून बसायला सांगितलं. भिंतीवरून त्याने एक दस्ता काढून मांडीवर ठेवला. बघताच हसू यावं असा होता तो, पाय मुरगळलेल्या बकरीसारखा, खांद्याकडून निघून मध्येच एकदम बाजूला वळलेला. याला वाकडा दस्ता म्हणतात, त्याने समजावलं. खांदा उजवाच राहतो, पण नळ्या डाव्या डोळ्यासमोर येतात. नेम पुन्हा बसेल, चांगला बसेल. फक्त हा लपत नाही. दहा पावलांवरून कोणीही ओळखतो. दुसरा पर्याय म्हणजे जुन्या मापाचा सरळ दस्ता, अगदी होता तस्सा. बंदूक दिसेल छान.

"कागदावर काय लिहाल?" त्याने विचारलं. खिशातला मापाचा कागद त्याने मिस्त्रीपुढे ठेवला.

"तुम्ही सांगाल ते. मी लाकूड विकतो, माणसं पकडत नाही." मिस्त्रीने चष्मा खाली घेतला. "पण सांगायचं तुम्ही. उद्या सकाळी आठला मी करवत लावणार. दुकानावरच राहतो, तोवर केव्हाही फोन करा. फोन आला नाही तर जुन्या मापाचा करतो, आणि रकान्यात उजवा लिहितो. म्हणजे तुम्हाला काही बोलायलाच नको."

काही बोलायलाच नको. पायऱ्या चढून गल्लीत आल्यावरही ते वाक्य त्याच्या कानात होतं. किती सोपं होतं. वर्षभर तो हेच तर करत आला होता, काही न बोलता वेळ मारून नेत आला होता, आणि आता नुसतं झोपून उठलं की झालं, सकाळी आठ वाजतील, करवत लाकडात शिरेल आणि तो पुन्हा अठरा वर्षांपूर्वीच्या मापाचा माणूस होईल. परवा तो पुन्हा त्या गवतात उभा असेल. वायरलेसवरून विचारतील आणि तो साफ आहे म्हणेल. आणि खरं सांगितलं तर? तर खुर्ची. कपाट आणि खिडकी यांच्यामधली. तो रस्त्यात थांबला, मागून येणाऱ्या माणसाचा धक्का बसला, तो माणूस बघून चाला म्हणाला. बघून चाला. त्याला मोठ्याने हसावंसं वाटलं, पण तोंडातून जो आवाज निघाला तो हसण्याचा नव्हता.

घरी आला तेव्हा ऊन उतरलं होतं. बायको खिडकीपाशी मशीनवर बसली होती. ती एका दुकानासाठी पडदे शिवून द्यायची; मापाची इतकी पक्की की टेप न लावता सूतभर इकडेतिकडे होत नसे. तिने विचारलं, लवकर कसे? त्याने बंदूक दुरुस्तीला टाकली म्हणून सांगितलं, जीपच्या दाराची थाप तिलाही मारली. ती उठली, चहा करून आणला, कप टेबलावर ठेवला आणि पुन्हा शिवायला बसली. त्याने हात पुढे केला. कप हाताला लागला. डाव्या हाताला. तो उजव्या हाताने जेवणारा, उजव्या हाताने चहा पिणारा माणूस, आणि त्याचा डावा हात आपोआप डावीकडे ठेवलेल्या कपाकडे गेला होता, काल गेला होता तसा, परवा गेला होता तसा. त्याने कपाकडे बघितलं. कपाचा कान त्याच्याकडे वळवून ठेवलेला होता, आणि कप काठापासून चांगला वीतभर आत होता. रस्त्यात चालताना हल्ली ती नेहमी त्याच्या उजव्या अंगाला असते, तेही त्याला आठवलं. दाराच्या उजव्या चौकटीशी असलेला छत्र्यांचा डबा कधी हलला? त्याला ते आठवेना. ताट बोटभर सरकवलं जात होतं. खुर्चीत तो केव्हाच बसलेला होता.

"कप इकडे का ठेवतेस तू?"

मशीन थांबलं. "हात लागून सांडू नये म्हणून."

"कधीपासून?"

तिने पडद्याची शिवण बोटाने सरळ केली. मग पडद्याकडे बघत म्हणाली, "निळा कप फुटला ना तुमच्या हातून, तेव्हापासून. घराला रंग काढला त्याच्या आधी."

रंग काढून चार महिने झाले होते. त्याने मनातल्या मनात आठवडे मागे मोजले आणि मध्येच मोजायचं सोडून दिलं.

"म्हणजे विमानाच्या आधी. तुला ठाऊक होतं, आणि मी रोज तिकडे जात होतो."

"वाटलं, तुम्ही सांगाल. रोज वाटायचं, आज सांगतील." तिचा आवाज चिरकला. "तुम्ही दार लावून घेतलेलं, अहो. मी बाहेरून किती वाजवू?"

खोलीतला उजेड कमी होत होता. या घरात दोन माणसं चार महिने एकमेकांना जपत बसली होती, इतकी जपत, इतकी हळुवार, की त्या जपण्यातून चाळीस पारवे उठले आणि एकशे चाळीस माणसं अकरा मिनिटं आकाशात लटकली. तिच्यावर रागवावं असं त्याला वाटलं, पण राग कुठे ठेवायचा तेच कळेना. त्याने वर पाहिलं तर मशीनपाशी ती नव्हती.

"कुठे आहेस?"

उत्तर आलं नाही. पण उजवीकडे, त्या राखाडीत, कोणीतरी उभं होतं. श्वास ऐकू येत होता, रडू दाबल्यामुळे अडखळणारा. हातभर अंतरावरून. आणि त्याला, पन्नाशीच्या माणसाला, पहिल्यांदा कळलं की आईलाही त्याचा श्वास ऐकू यायचा. कोण आहे असं विचारताना तिला प्रत्येक वेळी माहीत असायचं कोण आहे ते. तिला फक्त तोंडून ऐकायचं होतं. ती तिसऱ्यांदा विचारेल याची वाट बघत तो भिंतीशी उभा असायचा, आणि तो बोलेल याची वाट बघत ती खुर्चीत.

तो उठला. फोनपाशी गेला. मिस्त्रीने चिठ्ठीवर लिहून दिलेला नंबर त्याने डोळ्याजवळ, डाव्या डोळ्याजवळ धरला. पलीकडे बराच वेळ वाजत राहिलं. मग उचलला गेला, मागे रेडिओसारखं काहीतरी चालू होतं.

"कोण आहे?" मिस्त्रीने विचारलं.

त्याने श्वास रोखला. जुनी सवय. एक क्षण तो चवड्यांवर उभा होता, बूट दाराबाहेर, आणि मागे वळून निघून जाणं अगदी सोपं होतं.

"कोण आहे?"

"मी आहे," तो म्हणाला. "विमानतळावरचा. मिस्त्री, वाकडा करा. कागदावर डावा लिहा, आणि तो कागद मी सकाळी न्यायला येतो, साहेबांना मलाच द्यायचाय. त्यांना आणखीही एक सांगायचंय."

मिस्त्री बरं म्हणाला. फोन ठेवून तो तसाच उभा राहिला. तेवढ्यात उजव्या खांद्यावर, बरोबर दस्ता टेकतो त्या जागी, एक हात येऊन टेकला. हात येताना त्याला दिसला नाही, आणि तो दचकला.